अंगणातली फुलपाखरं बघायची तर आधी पानं उलटा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावच्या कडेच्या नव्या कॉलनीत रो-हाउस घेतलं, पुढं बारा बाय वीस फुटांचं अंगण मिळालं, तिथं हौसेनं झेंडू, झिनिया, पेंटास लावले. फुलपाखरं येतात, पण मिनिटभरात भुर्र. फोटो काढावा तर नुसता रंगाचा फराटा. त्यात कढीपत्ता अळ्यांनी निम्मा खाल्लाय आणि शेजारच्यांनी फवारायचं औषध आणून दिलंय. फवारू का, आणि फुलपाखरं नीट बघायची कशी?

दोन्हीचं उत्तर एकच. औषधाची बाटली शेजाऱ्यांना परत करा आणि खुर्ची कढीपत्त्यापाशी नेऊन ठेवा.

फूल म्हणजे फुलपाखराच्या लेखी बसस्टँडवरचा चहा. माणूस चहा पितो आणि गाडी पकडतो. तो कुठला, कुठं चाललाय, हे चहावाल्याला काय ठाऊक? मीही पहिली तीन-चार वर्षं अशीच चहाच्या टपरीवर घालवली. कॅमेरा घेऊन झिनियापाशी उभा राहायचो, दहातले आठ फोटो हललेले यायचे. पुढं एका पावसाळ्यात पाय मुरगळला म्हणून ओट्यावर बसून राहावं लागलं. समोर लिंबाचं झाड होतं. त्या आठ दिवसांत जे बघितलं, ते आधीच्या चार वर्षांत बघितलं नव्हतं.

तुमच्या कढीपत्त्यावर जे चाललंय ते बहुतेक लिंबू फुलपाखराचं, म्हणजे लाइम बटरफ्लायचं काम आहे. काळ्या पंखांवर पिवळट ठिपक्यांची दाट नक्षी, आकार तळहाताच्या निम्मा, मागच्या पंखांना शेपटी नाही. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात ते झाडाभोवती घुटमळायला लागलं की ती मादी समजा. तिची फडफड थांबत नाही, पण पाय पानाला टेकतात. ती पायांनी पानाची चव घेत असते. जून पान असेल तर सोडते. कोवळा लालसर शेंडा मिळाला की पोटाचं टोक वाकवून एकदा टेकवते आणि लगेच पुढच्या डहाळीकडे. ती गेली की उठा आणि नेमकी तीच जागा बघा. राईच्या दाण्याहून लहान, फिकट पिवळा, गुळगुळीत गोल ठिपका दिसेल. एका जागी एकच. हे अंडं.

तीन-चार दिवसांनी त्यातून अळी निघते, आणि इथं बहुतेक लोक फसतात. तपकिरी अंग, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी: हुबेहूब चिमणीची शी. पक्ष्यानंही फसावं म्हणूनच तो वेष आहे. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते, आणि तेव्हा कुठं घरच्यांना दिसते. म्हणून सगळ्यांना वाटतं की अळ्या रातोरात आल्या. त्या पंधरा दिवस तिथंच होत्या. हिरव्या अळीला गवताच्या काडीनं हलकेच डिवचा. डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास सुटतो. लहान मुलांना हे एकदा दाखवा. पुढचे चार दिवस मोबाइल मागणार नाहीत. रोज डिवचू मात्र देऊ नका.

आता पानांचं. जमिनीत लावलेला कढीपत्ता किंवा लिंबू चांगला वाढलेला असेल तर अळ्यांनी खाल्लेला पाला पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो. कुंडीतलं दीड फुटाचं रोप असेल तर ते बोडकं होईल, हे खरं. अशा वेळी दोन अळ्या ठेवा, बाकीच्या पानासकट उचलून मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडा. महादेवाच्या देवळापाशी बेल असतोच. आमटीपुरता कढीपत्ता हवा असेल तर एक फांदी जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून टाका. शेतकऱ्याची लिंबूबाग असेल तर त्याचा हिशेब वेगळा, तिथं ही कीडच आहे. अंगणातल्या एका झाडासाठी फवारा काढणं मला पटत नाही, आणि त्याच पानांची फोडणी आपण खाणार असतो.

पुढचं झाड रुई. घरात रुई लावू नये असं आपल्याकडे म्हणतात, तर लावू नका. शनिवारी मारुतीला माळ घालायला जिथून पानं आणता, तिथं ती उलटून बघा. किंवा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जा. नव्या कॉलनीत अर्धे प्लॉट पडीक असतात आणि फुलपाखरांच्या दृष्टीनं तीच खरी बाग. एका प्लॉटवर रुई, एरंड, टाकळा, घोळ, दगडी पाला हे सगळं मिळतं. रुईवर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची, अंगावर पिवळे ठिपके आणि काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली की ती प्लेन टायगरची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून लपायची तिला गरज पडत नाही.

रुईऐवजी कुंडीत लावण्याजोगं तिच्याच कुळातलं झुडूप म्हणजे हळदीकुंकू, लाल-पिवळ्या फुलांच्या तुऱ्यांचं. (हळदीकुंकू नावाचं फुलपाखरूही आहे, त्याचं पुढं सांगतो. एकाच नावानं झाड आणि फुलपाखरू, त्यामुळं बोलताना गोंधळ होतो.) हे रोप विकत आणताना जपून. मी एका नर्सरीतून चार रोपं आणली, आठवड्यात प्लेन टायगरनं अंडी घातली, अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत सगळ्या काळ्या पडून लोंबकळल्या. रोपांना मुळातून भिनणारं कीटकनाशक दिलेलं होतं. विचारल्यावर नर्सरीवाल्याचं उत्तर होतं, ‘साहेब, पान एकही खराब नाही, बघून घ्या.’ त्याच्या बाजूनं बरोबरच होतं. तेव्हापासून मी बी किंवा फांदी लावूनच रोपं करतो, आणि विकतचं आणलंच तर पहिली दोन-तीन छाटण्यांची फूट होईपर्यंत झाकून ठेवतो.

कण्हेर तुमच्या फाटकापाशी असेलच. तिच्यावर कॉमन क्रो हे गडद तपकिरी, कडेला पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू अंडी घालतं. अळीला शिंगांच्या चार जोड्या, म्हणजे प्लेन टायगरहून एक जास्त. कण्हेरीवर कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी, पुढं दोन निळे डोळे काढल्यासारखी, दिसली तर ती फुलपाखराची नव्हे, पतंगाची. पण कण्हेरीवर शोधायचा तो क्रोचा कोष. गल्लीतली एक सहा वर्षांची मुलगी एकदा धावत आली, ‘आजोबा, तुमच्या झाडाला कुणी कानातलं अडकवलंय!’ खरोखर तसंच दिसतं. पानाखाली उलटा टांगलेला, पॉलिश केलेल्या चांदीसारखा लखलखीत, आणि त्यात आपलाच चेहरा वाकडातिकडा. सराफ बाजाराच्या गावात राहून असली घडणावळ मी दुसरी बघितली नाही. फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशी चांदी काळवंडते आणि आत दुमडलेले पंख दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर चहा घेऊन तिथं बसा, बाकी कामं राहू देत.

उरलेली झाडं भरभर सांगतो. कंपाउंडलगत उंच सरळ अशोक लावला असेल किंवा सीताफळ असेल, तर हिरव्या ठिपक्यांचं ‘टेल्ड जे’ नावाचं फुलपाखरू येणार. ते क्षणभर ठरत नाही, पण कोवळ्या पानावर अळी सापडते. सायकसची नवी पानं उमलतानाच कुरतडली जात असतील तर ते प्लेन्स क्युपिड या नखाएवढ्या निळ्याचं काम. तिथं मुंग्यांची वर्दळ दिसेल, कारण अळी गोड द्रव देते आणि मुंग्या तिची राखण करतात. पानफुटीच्या जाड पानात आतून पोखरलेले पारदर्शक डाग आणि एका भोकाशी काळी घाण दिसली तर आत रेड पिअरोची अळी आहे. ती पानाच्या पोटातच राहते, पान उन्हाकडे धरलं की हलताना दिसते. निळ्या फुलांच्या चित्रकावर झेब्रा ब्लू कळ्यांमध्ये अंडी घालतं. कृष्णकमळाचा वेल असेल तर नारिंगी टॉनी कॉस्टर तो साफ करणार, तयारी ठेवा. काटेरी अळ्या झुंडीनं खातात. त्या काट्यांनी काही होत नाही, पण दाट केसांची अळी कुठंही दिसली तर हात लावू नका, खाज सुटते. बहावा आणि टाकळा पिवळ्या-पांढऱ्या एमिग्रंटांचे.

आंब्याचं मात्र थोडं सविस्तर. कॉमन बॅरनची अळी आंब्याच्या पानावर बसते आणि तुमच्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही. अंग हिरवं, पाठीवर मधोमध पिवळसर रेघ, दोन्ही बाजूंना पिसांसारखे फाटे. ती अंगावरची रेघ पानाच्या मधल्या शिरेवर अचूक जुळवून झोपते. मला पहिली सापडली ती पान तोडून तोरणाला बांधताना. तेव्हापासून सणाला आंब्याचं डहाळं तोडलं की आमच्या घरी पानं मोजून, उलटून घेतात. त्याच आंब्यावर बांडगूळ असेल तर ते काढून टाकण्याआधी वर बघा. हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल, अंडी बांडगुळावर घालतं, एकेक करून नव्हे तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एकत्र. वरून पांढरं, खालून पिवळं आणि कडेला लाल टिकल्या. फुलावर बसलं की पंख मिटतं, म्हणून नाव शोभतं.

आता खान्देशाचं वेळापत्रक. पुण्या-कोकणातलं वाचून इथं अंदाज बांधू नका. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला अंगणात काही दिसलं नाही म्हणून बाग फसली असं समजू नका. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत आणि पाणी-सावली असेल तिथंच थोडीफार हालचाल असते. केळीच्या बागेत दुपारी शिरलात तर बाहेरच्यापेक्षा जास्त सापडतील. पहिला पाऊस पडून टाकळा वर आला की तीन-चार आठवड्यांत पिवळी फुलपाखरं सुरू होतात. श्रावणातल्या कानबाईच्या सणापासून पोळ्यापर्यंत संख्या चढत जाते, आणि दसरा-दिवाळीचा काळ सगळ्यात भरगच्च. थंडीत सकाळी लवकर उठायचा आग्रह धरू नका. उडायचे स्नायू तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. पूर्वेच्या भिंतीवर ऊन आलं की तिथं पंख पसरून शेकत बसलेली असतात, आणि फोटो काढायची वर्षातली सगळ्यात सोपी वेळ तीच.

पिकॉक पॅन्सी, लेमन पॅन्सी ही तुमच्याकडे येणारच, कोरांटी असेल तर अंडीही घालतील. त्यांची पावसाळ्यातली पिढी खालूनही डोळ्यांची नक्षी मिरवते. कोरड्या दिवसांतली पिढी पंख मिटले की वाळक्या पानासारखी, कडा टोकदार. दोन वेगळ्या जाती म्हणून मी वहीत वर्षभर नोंदवत होतो.

असे घोटाळे तुमचेही होतील, तेव्हा दोन आधीच सांगून ठेवतो. नारिंगी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरा पट्टा, म्हणजे प्लेन टायगर असं आपण म्हणतो. पण डॅनेड एगफ्लायची मादी तिची नक्कल करते. मागच्या पंखावर मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतील तर टायगर (चार म्हणजे नर), आणि वरच्या कडेपाशी एकच ठिपका असेल तर एगफ्लाय. नक्कल का? टायगर विषारी, पक्षी एकदा चाखून सोडतात. एगफ्लाय बिनविषारी, तिला आयतं संरक्षण मिळतं. ती अंडी घालते घोळीवर, आपण भाजी करतो त्याच घोळीवर. म्हणजे एक मादी रुईशी घुटमळेल, दुसरी जमिनीलगत फिरेल; पंख दिसले नाहीत तरी चालीवरून ओळखता येतं. दुसरा घोटाळा कॉमन मॉरमॉनचा. कढीपत्त्याभोवती लाल ठिपक्यांचं काळं शेपटीवालं फुलपाखरू दिसलं तर त्याचं अंग बघा. अंग लाल असेल तर ते रोझ, विषारी, अळी किडामारसारख्या वेलींवर वाढणारी. काळं असेल तर रोझची नक्कल करणारी मॉरमॉनची मादी.

राज्य फुलपाखरू दिसेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला तो मान दिला. ते प्रामुख्यानं सह्याद्रीतल्या ओल्या रानाचं. अंगणात त्याची वाट बघत बसू नका. पावसाळ्यानंतर कधी सातपुड्यात पाल गावाकडे किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर ओढ्याकाठी डोळे उघडे ठेवा, इतकंच.

बसायचं कसं? ठरलेली जागा, ठरलेली वेळ, पंधरा मिनिटं. सावली झाडावर पडणार नाही अशी खुर्ची. उठायचं ते हळू. फुलपाखराला हालचाल लगेच कळते, बोलण्याचं त्याला काही नाही. एकदा समोरच्या आजींनी फाटकातूनच हाक मारली, ‘काय देखी ऱ्हायनात भाऊ?’ त्यांना सगळं सांगून होईपर्यंत क्रोची मादी अंडी घालतच होती. मोबाइलचा कॅमेरा पुरतो, पण समोरून आणि खालच्या पातळीवरून जवळ सरका, वरून वाकू नका. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय ओळख पटवायला बसू नका. अंडी-अळ्यांसाठी सराफ वापरतात ती दहापट मोठं दाखवणारी लूप घ्या, जळगावात ती मिळायला अडचण नाही. दुर्बीण घ्यायचीच असेल तर दीड-दोन मीटरवरचं स्पष्ट दाखवणारी. पक्ष्यांच्या बऱ्याच दुर्बिणी इतक्या जवळ चालत नाहीत.

वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, फुलपाखरू आणि ते करत काय होतं हे लिहा. नाव आलं नाही तर ‘छोटं, राखी, आंबोशीवर बसलेलं’ एवढं चालेल. आंबोशीवर लिहिलं म्हणजे मी लगेच पेल ग्रास ब्लू सुचवीन. नुसतं ‘निळं’ लिहिलं तर मी काय सांगणार? तुमच्या फुलझाडांत मला काही वावगं वाटत नाही, फक्त गच्च पाकळ्यांच्या झेंडूत सोंड घालायला जागा कमी असते, तिथं साधा एकेरी कॉसमॉस लावा. दगडी पाला तण म्हणून उपटू नका. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, चार राहू द्या. घाणेरी मात्र लावू नका, मकरंद भरपूर असला तरी; ती रानात किती पसरलीय हे सातपुड्यात जाऊन बघा.

ओली माती हवी. भांडी घासायच्या नळापाशी एका घमेल्यात माती-वाळू भिजवून चिमूटभर मीठ टाका. नर फुलपाखरं क्षार शोषायला येतात आणि तिथं बसली की पाच-पाच मिनिटं हलत नाहीत.

आणि केळी तर आपलीच. काळी पडलेली तीन-चार केळी सालीसकट कुस्करून, थोडा गूळ घालून डब्यात दोन दिवस झाकून ठेवा. आंबूस वास सुटला की ताटलीत काढून आंब्याच्या फांदीला दोरीनं टांगा. दोरीला एरंडेल चोळलं की मुंग्या उतरत नाहीत. फुलांकडे ढुंकून न बघणारी जमात इथं येते: बॅरन, जवळ रान असेल तर बॅरोनेट, नशीब असेल तर ब्लॅक राजा. दिवेलागणीला कॉमन इव्हनिंग ब्राऊन येतं, जमिनीवर बसलं की वाळकं पान, पाय पडेपर्यंत कळत नाही. घरातले वासाची तक्रार करतील, त्यांना तीन दिवसांची मुदत मागून घ्या.

शेवटी तुमच्या कढीपत्त्यावरच्या मोठ्या हिरव्या अळ्या. उत्तर पोचेपर्यंत त्या बहुधा झाडावर नसतील. पक्ष्यांनी खाल्ल्या असतील किंवा कोष करायला चालत निघाल्या असतील. झाडापासून चार-पाच पावलांपर्यंत सगळं तपासा: फाटकाच्या पट्ट्या, मीटरच्या पेटीची खालची बाजू, कुंडीची कड, आणि हमखास कूलरचा स्टँड. डोकं वर, कमरेला रेशमाचा एक दोरा, रंग आसपासच्या जागेनुसार हिरवा किंवा तपकिरी. आठ-दहा दिवसांत निघेल, थंडीत बरेच आठवडेही लागतात. त्यातून कधी फुलपाखराऐवजी वीस-पंचवीस बारीक गांधील माश्या निघाल्या तर दचकू नका, त्यांच्या आईनं तिथं आधीच अंडी घातलेली असतात. आणि फुलपाखरू निघाल्यावर खाली लालसर थेंब पडला तर ते रक्त नव्हे, कोषातली साठलेली घाण आहे. पंख सुकेपर्यंत त्याला बोट लावू देऊ नका, आणि तोवर कूलर माळ्यावर चढवायचं काम पुढं ढकला.